जुन्या पेट्रोल पिकअपची वारंवार होणारी मिसिंग आणि प्लग वायरची निवड

स्पार्क प्लगला करंट पोहोचवणाऱ्या वायरींचा, म्हणजे प्लग वायरचा, नवा सेट बसवला की गाडी काही आठवडे सुरळीत चालते आणि मग एखाद्या दिवशी तुळजापूरच्या घाटात, मागे चादरींचे गठ्ठे असताना, पुन्हा मिसिंग होऊन, म्हणजे सिलिंडरमधील पेटणे मधूनच चुकून, झटके देऊ लागते, अशी तक्रार जुनी पेट्रोल पिकअप बाळगणाऱ्यांकडून सोलापुरात वरचेवर ऐकू येते. गाडी गॅरेजमध्ये उभी करून स्लोला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू, ठेवली तर दोष दिसत नाही, रिकामी गाडी होटगी रोडवर फिरवून आणली तरी ती शहाण्यासारखी वागते, आणि शेवटी कार्ब्युरेटरचे जेट साफ करून, स्लो थोडा वाढवून ती मालकाच्या हवाली केली जाते. पुढच्या भरलेल्या फेरीला तीच तक्रार परत येते. कोणती वायर घ्यावी हा प्रश्न विचारण्याआधी आधीची वायर कशाने निकामी झाली हे शोधले, तरच हे चक्र थांबते, असे माझे मत आहे.

हे विवेचन चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर आणि डेल्को (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) असलेल्या गाड्यांपुरते आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पिकअप डिझेलच्या असल्याने त्यांना स्पार्क प्लग नसतात. महिंद्राच्या एफसी-१५० सारख्या हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या जुन्या गाड्यांपैकीही अनेकांत कालांतराने डिझेल इंजिन बसवले गेले. त्यामुळे ज्या थोड्या पेट्रोल पिकअप उरल्या आहेत, त्यांचा नेमका वायर सेट दुकानात मिळेलच असे नाही. मग दुकानदार अँबेसेडरचा किंवा पद्मिनीचा सेट पुढे करतो आणि ‘चार सिलिंडरचाच आहे, बसतो’ असे सांगतो. तो बसतोही, फक्त कुठे लांबी जास्त होते, कुठे टोक ढिले राहते, आणि पुढच्या कटकटीचे मूळ तिथेच पडते.

आधी दोष वायरचाच आहे का, ते पाहावे

मिसिंग फक्त चढावर किंवा ओझ्याखाली का येते, हे समजले की निम्मे निदान होते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो आणि प्लगच्या टोकांमधल्या तेवढ्याच गॅपमधून ठिणगी पाडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. पॉइंटच्या (डेल्कोमधील उघडझाप करणाऱ्या संपर्काच्या) इग्निशनमध्ये चांगली कॉइल, म्हणजे व्होल्टेज वाढवणारे वेटोळे, साधारण २० ते २५ हजार व्होल्ट देऊ शकते. स्लोला त्यातला थोडाच हिस्सा खर्च होतो, तर घाटात जवळजवळ सगळी ताकद पणाला लागते. अशा वेळी वायरच्या आवरणाला बारीकशी चीर असेल, तर पाणी जसे बांधाच्या कच्च्या जागेतून फुटते, तसा करंट प्लगकडे न जाता चिरेतून जवळच्या लोखंडावर उतरतो. म्हणूनच गॅरेजच्या सपाट फरशीवर ही गाडी कधीच पकडली जात नाही.

झटके एकाच सिलिंडरचे आहेत की सगळ्यांचे, हे त्यानंतर ठरवावे. सायलेन्सरच्या टोकाशी हात धरल्यावर ठरावीक लयीत एक ठोका चुकत असेल, तर एकच सिलिंडर सुटतो आहे असे समजावे; लय नसलेले, कसेही येणारे झटके असतील, तर संशय कॉइलपासून डेल्कोपर्यंत येणाऱ्या मधल्या वायरवर, रोटरवर (डेल्कोत फिरणाऱ्या तुकड्यावर), डेल्को कॅपमधील कार्बनवर, पॉइंटवर किंवा कंडेन्सरवर घ्यावा. या दुसऱ्या प्रकारात चारही प्लग वायर बदलून काहीच साधत नाही, आणि बाजारातील काही सेटमध्ये मधली वायर येतच नसल्याने ती वर्षानुवर्षे तशीच राहते. नवा सेट घेताना त्यात पाच वायर आहेत की चार, हे आधी मोजावे.

एकच सिलिंडर सुटत असेल तर त्याची वायर शेजारच्या सिलिंडरच्या वायरशी, लांबी पुरत असेल तर, बदलून पाहावी. डेल्कोकडील भोकेही त्यानुसार बदलायची असतात, हे विसरू नये, अन्यथा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रमच, बिघडते. दोष वायरबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर वायर दोषी. जागच्या जागी राहिला तर प्लग, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन पाहावे लागेल. चालू इंजिनावर हाताने वायर उपटून पाहण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती टाळावी. विजेचा झटका बसतो हे एक, आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवले असेल तर वायर मोकळी राहिल्याने त्याचे मॉड्यूल खराब होऊ शकते हे दुसरे.

सर्वांत उपयोगी तपासणी अंधारात होते. रात्री, आसपासचे दिवे बंद करून, बॉनेट उघडे ठेवून इंजिन चालू करावे आणि फुलझाडांवर पाणी मारायच्या बाटलीने वायरींवर धुक्यासारखे बारीक पाणी उडवावे. पंख्यापासून हात आणि सैल कपडे दूर ठेवावेत. जिथे आवरण फुटले आहे, तिथे निळसर रेघ चमकते आणि बारीक ‘टिक टिक’ असा आवाज येतो. तोच आवाज डेल्को कॅपच्या अंगावरून येत असेल, तर कॅपवर पेन्सिलीच्या रेघेसारखा काळा माग पडलेला आढळेल. अशी कॅप कितीही पुसली तरी ती पुन्हा तोच मार्ग धरते, ती बदलणेच योग्य. सोलापुरात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो, आणि सकाळी गाडी उचलत नाही व ऊन पडल्यावर आपोआप ठीक होते, ही त्या दिवसांतील तक्रार बहुतेकदा याच गळतीची असते.

मल्टिमीटरने रोध मोजणेही आवश्यक आहे, पण त्याची मर्यादा ओळखून. तांब्याच्या गाभ्याची वायर जवळपास शून्य ओहम दाखवते. कार्बन गाभ्याची वायर सामान्यतः मीटरमागे १० ते २० किलोओहमच्या घरात असते, म्हणजे अर्ध्या मीटरच्या वायरीत ५ ते १० किलोओहम अपेक्षित आहेत. प्लग कॅपमध्ये (प्लगवर चढणाऱ्या टोपीत) वेगळा रेझिस्टर असेल तर त्याचे आणखी काही किलोओहम मिळतात. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची असते: लांबीच्या हिशेबाने एखादी वायर आपल्या भावंडांपेक्षा फार वेगळी दिसली, किंवा मोजताना ती हलकेच वाकवल्यावर आकडा नाचू लागला, तर गाभा आतून तुटला आहे. मात्र मीटर काही व्होल्टांवर मोजतो आणि आवरणाची परीक्षा हजारो व्होल्टांवर होते, त्यामुळे मीटरवर उत्तीर्ण झालेली वायर घाटात नापास होऊ शकते.

आधीची वायर कशाने मेली

काढलेला जुना सेट फेकण्याआधी उजेडात धरून वाचावा. प्लगकडील टोक बोटाभोवती वळवले असता आवरणावर केसांसारख्या चिरा उघडत असतील, तर ती उष्णतेने वाळली आहे. एका जागी टाचणीच्या टोकाएवढे काळे भोक आणि त्याभोवती पांढुरके कडे दिसले, तर तिथून करंट बाहेर पडत होता. ती वायर पुन्हा गाडीत धरून पाहिली की ते भोक नेमके कोणत्या ब्रॅकेटसमोर किंवा बोल्टसमोर येते ते कळते. नवी वायर त्याच वाटेने नेली तर ती तिथेच फुटणार. आवरण फुगून मऊ, चिकट झाले असेल तर टॅपेट कव्हरच्या (व्हॉल्व्हवरील झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपणाऱ्या ऑइलकडे पाहावे. डेल्कोकडील पितळी टोकावर हिरवट-पांढरी पूड साचली असेल, तर टोक भोकात पूर्ण बसत नव्हते आणि मधल्या फटीत ठिणगी पडत होती.

याच्या जोडीला तीन कारणे अशी आहेत की ती वायरकडे पाहून दिसत नाहीत. पहिले म्हणजे झिजलेले प्लग. हरिकेन इंजिनाचा प्लग गॅप ०.७६ मिलिमीटर, म्हणजे ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ठेवायचा असतो. तो झिजून मिलिमीटरच्या पुढे गेला की ठिणगीसाठी लागणारे व्होल्टेज वाढते आणि तो सगळा ताण वायरच्या आवरणावर येतो. नवी वायर आणि जुने प्लग ही जोडी म्हणूनच फार काळ टिकत नाही. दुसरे कारण कॉइलची उलटी जोडणी. ऋण अर्थ असलेल्या (बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत कॉइलचा ऋण स्क्रू डेल्कोकडे जातो. तो उलटा लागला तरी गाडी सुरू होते, चालते, पण प्रत्येक ठिणगीला जास्त व्होल्टेज खर्च होते, आणि हे वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. तिसरे म्हणजे इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी. ती गंजलेली किंवा एका बोल्टावर लटकलेली असेल तर करंट मिळेल त्या वाटेने परततो आणि ठिणगी दुबळी पडते. एका वायर सेटच्या किमतीच्या मानाने ही पट्टी फारच स्वस्त आहे.

गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर हा सगळा हिशेब आणखी कडक होतो, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. म्हणून अशा गाडीत प्लग गॅप थोडा कमी ठेवतात. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग, अशी गाडी गॅस किटवाल्याकडे ट्यूनिंगसाठी पाठवण्याआधी तिची वायर आणि प्लग तपासावेत.

दुकानात काय पाहून घ्यावे

माझ्या अनुभवात वायरची निवड जाडीवर आणि रंगावर होते, आणि या दोन्ही गोष्टी सर्वांत कमी महत्त्वाच्या आहेत. सर्वांत आधी दोन्ही टोके पाहावीत.

जुन्या डेल्को कॅपांत वायर धरण्याच्या निरनिराळ्या पद्धती आढळतात. काहींत खोल भोक असते आणि त्यात वायरचे पितळी टोक दाबून बसते. काहींत उलट, कॅपवरच उभा खुंट असतो आणि त्यावर वायरची टोपी चढते. या दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे डोळ्यांना लगेच दिसते. घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारात. लुकास कंपनीच्या पद्धतीच्या काही जुन्या कॅपांत वायर बाजूने आत सरकवायची असते आणि आतून एक टोकदार स्क्रू पिळून तो वायरच्या गाभ्यात घुसवायचा असतो. ही रचना पिळाच्या तांब्याच्या वायरसाठी केलेली आहे. कार्बन गाभ्याच्या वायरीत तो स्क्रू घुसला, की सुती किंवा काचतंतूंच्या धाग्याला जेमतेम टेकतो. तिथे ठिणगी पडत राहते, गाभा आतून जळत जातो, आणि काही आठवड्यांनी नेमकी तीच मिसिंग परत येते. ‘नवी वायर टिकतच नाही’ असे म्हणणाऱ्या गाडीची डेल्को कॅप उघडून हे टोकदार स्क्रू आहेत का, हे मी सर्वांत आधी पाहीन. ते असतील तर तांब्याच्या गाभ्याची वायर घ्यावी आणि करंटचा गोंगाट (रेडिओत खरखर आणणारा अडथळा) कमी करण्यासाठी रेझिस्टर असलेली प्लग कॅप किंवा आर अक्षर असलेला रेझिस्टर प्लग वापरावा, नाही तर वायरचे टोक दाबून बसणारी कॅप त्या डेल्कोला मिळते का, ते शोधावे.

प्लगकडील टोकाचेही असेच आहे. प्लगच्या माथ्यावर पितळी घुंडी असते, ती पुष्कळ प्लगांत पिळून काढता येते आणि खाली बारीक आट्यांचा दांडा उरतो. मोटारसायकलच्या प्लग कॅप त्या उघड्या दांड्यासाठी असतात, मोटारीच्या कॅप घुंडीसाठी. प्लग आणि वायर वेगवेगळ्या दुकानांतून आणले की घुंडी काढलेल्या प्लगवर मोटारीची कॅप बसवली जाते. ती बसल्यासारखी वाटते, पण आत हलत राहते. नवी कॅप दाबल्यावर ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे आणि हलकेच ओढल्यावर ती सुटता कामा नये. घुंडी सैल असेल तर ती पक्कडीने हलक्या हाताने घट्ट करावी.

गाभा कोणता घ्यावा याचे उत्तर गाडीत काय बसवले आहे यावर अवलंबून आहे. साधे पॉइंट, साधी कॉइल आणि टोकदार स्क्रूची कॅप असेल तर तांबे. रेडिओ किंवा मोबाइलचा स्पीकर खरखरू नये असे वाटत असेल आणि कॅप दाबून बसणाऱ्या टोकांची असेल, तर कार्बन गाभा पुरेसा आणि स्वस्त आहे. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवले असेल, तर शुद्ध तांब्याची वायर वापरू नये, कारण तिच्या गोंगाटाने मॉड्यूल गोंधळू शकते. तिथे कार्बन किंवा गाभ्याभोवती बारीक तार गुंडाळलेली वायर घ्यावी. या गुंडाळलेल्या वायरचा रोध कार्बनपेक्षा बराच कमी असतो, तरी गोंगाट दाबला जातो, आणि तिचा गाभा कार्बनसारखा काळाबरोबर जळत नाही. किंमत अर्थातच जास्त असते, आणि साध्या पॉइंटच्या गाडीला ती घेण्याची गरज मला वाटत नाही. रेझिस्टर वायर, रेझिस्टर कॅप आणि रेझिस्टर प्लग असे तिन्ही एकत्र आले तर जुन्या कॉइलच्या ठिणगीवर उगाच भार पडतो; गोंगाट दाबायला त्यांपैकी एखादा पुरतो.

लांबीसाठी सुतळी वापरावी. डेल्को कॅपच्या भोकापासून, वायर ज्या क्लिपांतून जाणार आहे त्याच वाटेने, प्लगपर्यंत सुतळी नेऊन प्रत्येक सिलिंडरची लांबी वेगळी मोजावी आणि त्यात थोडी ढील धरावी, कारण रबरी माउंटिंगवर बसलेले इंजिन रेस दिल्यावर एका अंगाला कलते आणि ताठ ओढलेली वायर त्या प्रत्येक हिसक्याला टोकातून सुटू पाहते. फार लांब वायरही तितकीच वाईट, कारण जास्तीची लांबी कुठेतरी लोंबते, आणि ती लोंबण्याची जागा बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची असते. नेमका सेट मिळत नसेल तर मीटरवर मिळणारी चांगली वायर आणि वेगळी टोके घेऊन ती हवी तेवढी कापून घेणे, दुसऱ्या गाडीचा तयार सेट कोंबण्यापेक्षा उत्तम. पितळी टोके मात्र योग्य पक्कडीने दाबून घ्यावीत. हातोडीने चेपलेले टोक काही दिवसांतच ढिले होते.

आवरणाबाबत सोलापूरच्या गाडीला थोडा अधिक विचार करावा लागतो. मे महिन्यात बाहेरच पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि बाळे भागातून मार्केट यार्डाकडे कांद्याच्या गाड्यांच्या रांगेत रखडलेल्या पिकअपच्या बॉनेटखाली वारा नसतो. स्वस्त पीव्हीसी आवरणाची वायर अशा ठिकाणी लवकर कडक होते. ईपीडीएम रबराचे आवरण १२० अंशांच्या पुढेही टिकते आणि सर्वसाधारण वापराला चांगले असते. सिलिकॉनचे आवरण २०० अंशांपर्यंत तग धरते, त्यामुळे प्लग आणि मॅनिफोल्ड एकाच अंगाला असलेल्या इंजिनात तेच घ्यावे. पण सिलिकॉन मऊ असते, पत्र्याच्या धारदार कडेवर लगेच कापले जाते आणि ऑइल-पेट्रोल लागल्यास फुगते. टॅपेट कव्हर गळत असताना महाग सिलिकॉन वायर घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

जाडीचा मुद्दा थोडक्यात संपतो. ७ मिलिमीटर आणि ८ मिलिमीटर हे बाहेरचे माप आहे, त्यावरून गाभ्याविषयी काहीच कळत नाही. जुन्या क्लिपा आणि कॅपची रबरे ७ मिलिमीटरसाठी असतील तर ८ मिलिमीटरची वायर त्यांत दाबून बसवताना आवरणच दुखावते.

मल्टिमीटर दुकानात घेऊन जावा आणि काउंटरवरच पाचही वायर मोजाव्यात. दुकानदाराला ते विचित्र वाटले तरी चालेल. नवीन सेटमध्ये एखादी वायर आतून तुटलेली निघणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

बसवताना

एक वायर काढावी, तिच्या जागी नवी बसवावी, मगच दुसरीला हात लावावा. सगळ्या एकदम काढल्या की फायरिंग ऑर्डर लावण्यात वेळ जातो. वायर काढताना ती मध्येच धरून ओढू नये. प्लग कॅप पकडून, किंचित पिळून सैल करावी आणि मग सरळ ओढावी. कार्बन गाभ्याच्या बहुतेक वायरी अशा ओढण्यानेच तुटतात, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. प्लग कॅपच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला तर ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी कॅप अलगद निघते. हे ग्रीस पितळी टोकावर थापू नये.

हरिकेनसह या वर्गातील बऱ्याच इंजिनांची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ अशी असते. तिच्यात शेजारी असलेले आणि लागोपाठ पेटणारे सिलिंडर म्हणजे ३ व ४, तसेच २ व १. या जोड्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून गेल्या, तर एकीतील करंटामुळे दुसरीत अवेळी ठिणगी उत्पन्न होऊ शकते, आणि गाडी चढावर फटाके मारते किंवा ठोके देते. नीटनेटके दिसावे म्हणून सगळ्या वायरींचा प्लास्टिकच्या पट्टीने एकच जुडगा बांधण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे. मूळ क्लिपा शिल्लक असतील तर त्या जपाव्यात. नसतील तर रबरी फटी असलेल्या साध्या क्लिपा बसवून ३ आणि ४, तसेच १ आणि २ यांच्या वायरींमध्ये बोटभर अंतर ठेवावे, आणि त्या एकमेकींवरून जाणार असतील तर काटकोनात ओलांडू द्याव्यात.

चाचणी स्लोवर घेऊन समाधान मानू नये. गाडी गरम करावी, नेहमीचा माल भरावा आणि तुळजापूरच्या घाटात वरच्या गिअरमध्ये, रेस थोडी जास्त देऊन चढवावी. झटका आला नाही तर परतल्यावर रात्री पुन्हा अंधारात पाणी मारून पाहावे. काढलेल्या सेटमधील सर्वांत लांब आणि मीटरवर धड ठरलेली वायर टूल किटमध्ये ठेवली, तर ती चारपैकी कोणत्याही सिलिंडरला पोहोचते आणि रस्त्यात अडचण आल्यास गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते.